बर्थवर झोपायला मिळेल ती गाडी घे

चि. सागर यास,


न्हावा शेवा ते बंगळूर कंटेनरच्या लाइनवर स्वतःचा ट्रेलर घालतोयस, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. आता टाटा प्रायमा ५५३०.एस घ्यायचा की व्होल्वो एफएम ४२०, एवढंच ठरायचं राहिलंय.

ताकदीत बरोबरी नाहीच. प्रायमाचं कमिन्स इंजिन ६.७ लिटरचं, ३०० अश्वशक्तीचं. व्होल्वोचं जवळजवळ १३ लिटरचं, ४२० चं. जाताना खंबाटकीच्या चढाला प्रायमात गिअर पाडत बसावं लागेल. व्होल्वोचा आय-शिफ्ट आपला आपण गिअर बदलतो. पण मला काळजी आहे ती येतानाची. नवा कात्रज बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत सलग उतार. डिझेल वाचवायला तिथे न्यूट्रल मारणारे आहेत. मग सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, पेडल दाबूनही गाडी थांबत नाही आणि पुढे गाड्यांची रांग असते. व्होल्वोचा इंजिन ब्रेक असा भार छान धरतो. लहान इंजिनाकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. प्रायमा असेल तर बोगद्याआधीच गिअर पाड आणि खालपर्यंत त्याच गिअरात ये. न्यूट्रल कधीच नाही, कुठल्याच गाडीत नाही.

इतकं असूनही मी प्रायमाच घे म्हणेन. व्होल्वोचा हप्ता मोठ्या फ्लीटवाल्याला झेपतो. तुझी एकच गाडी. बंदरात कंटेनर मिळायला उशीर झाला, की हप्त्याच्या धास्तीने तू रात्र जागून वेळ भरून काढशील. मागचा बर्थ कपडे आणि कागदपत्रं ठेवायलाच उरेल. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, असं १९६१ च्या कायद्यात मोटार कामगारांसाठी लिहिलं होतं. पण मालकही तूच आणि ड्रायव्हरही तूच, तुला थांबवणार कोण? शिवाय टाटाचा पार्ट आणि मेकॅनिक या रस्त्यावर कुठेही सापडतो.

एसीवर भाळू नकोस. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीचीच आहे. बुकिंगआधी बर्थवर पाय लांब करून अर्धा तास पडून बघ, इंजिन चालू ठेवून. अंग अवघडलं किंवा हादरे लागले तर तिथल्या तिथे सांग. आणि बँकेचा कागद सही करण्याआधी मला दाखव. महिन्यात एक फेरी बुडाली तरी हप्ता निघतो का, ते आपण दोघं मिळून मांडून बघू.

तुझा,
मामा