हरवलेली किल्ली

घराच्या कुलपाची किल्ली हरवली, तर घरमालक किल्ल्या करणाऱ्या कारागिराला बोलावतो. घर त्याचेच असल्याची साक्ष शेजारीपाजारी देतात आणि घटकाभरात दार उघडते. संगणकाच्या कुलपाची किल्ली मात्र लोखंडाची नसते. ती शब्दाची असते. तिला पासवर्ड, म्हणजेच परवलीचा शब्द, म्हणतात. पूर्वी गडावरील पहारेकरी परवलीचा शब्द ऐकल्यावाचून कोणास आत सोडीत नसत. संगणकाच्या दारावर तेच काम हा शब्द करतो. पण खुद्द मालकच तो विसरला, तर काय करावे?

काही संगणक सुरू करताच हा शब्द विचारतात. तो दिल्यावाचून यंत्र पुढे पाऊल टाकीत नाही. टेबलावर ठेवण्याच्या पुष्कळशा जुन्या संगणकांत हा शब्द एका लहानशा स्मृतीत साठविलेला असे. नाण्याएवढी एक चपटी बॅटरी त्या स्मृतीला अहोरात्र वीज पुरवीत असे. मालक शब्द विसरला, की जाणता कारागीर विजेची जोडणी काढी, पेटी उघडी आणि ती बॅटरी काही वेळ बाजूला काढून ठेवी. वीज खुंटली की ती स्मृती पुसली जाई व तिच्याबरोबर परवलीचा शब्दही नाहीसा होई. मालकाचे लेखन निराळ्या तबकडीवर असल्यामुळे त्यास धक्का लागत नसे.

परंतु जो उपाय मालकाला सोपा, तो चोरालाही सोपाच. म्हणून पुढे अनेक संगणकांत, विशेषतः लॅपटॉपमध्ये, हा शब्द विजेवाचून टिकणाऱ्या स्मृतीत ठेवण्यात येऊ लागला. तेथे बॅटरी काढून काही साधत नाही. खरेदीची पावती घेऊन, यंत्र आपलेच आहे हे उत्पादकाला पटवून द्यावे लागते. काही संगणकांत तर तबकडीवरील सारा मजकूरच सांकेतिक रूपात बदलून ठेवलेला असतो. ‘विंडोज’ प्रणालीत अशा कुलपासाठी ४८ अंकांची एक राखीव किल्ली मिळते. ती जपून ठेवली असेल, तर मजकूर परत हाती येतो. शब्द आणि राखीव किल्ली दोन्ही गमावली, तर उत्पादकाचाही इलाज चालत नाही.

किल्ली एकाच माणसापाशी राहिली, तर कसा प्रसंग ओढवतो, हे नॉर्वे देशातील एका घटनेवरून दिसून येते. तेथे एकोणिसाव्या शतकात ईवार ओसेन नावाचा एका शेतकऱ्याचा मुलगा होऊन गेला. त्या काळी देशात लेखनासाठी डॅनिश भाषा वापरीत. ओसेनने १८४२ पासून गावोगाव फिरून खेड्यापाड्यांतील बोली टिपल्या, त्यांचे व्याकरण व कोश रचले आणि त्यांतून नॉर्वेची एक नवी लेखनभाषा उभी केली. त्याच्या जन्मगावी त्याच्या नावाने एक भाषाकेंद्र चालते. ओसेनचे गाढे अभ्यासक रायदार ड्युपेडाल यांचा मोठा ग्रंथसंग्रह या केंद्राकडे आला होता. त्यातील सुमारे ११,००० ग्रंथांची सूची संगणकावर होती. पण तिला परवलीच्या शब्दाचे कुलूप होते आणि तो शब्द जाणणारी व्यक्ती निवर्तली होती! कपाटे उघडी, ग्रंथ समोर. मात्र कोणता ग्रंथ कोठे आहे हे सांगणारी सूची मुकी झाली होती.

अखेर २००२ साली केंद्राने संकोच बाजूला ठेवला आणि आपली अडचण जगापुढे मांडून मदत मागितली. देशोदेशींच्या लोकांनी डोके लढविले आणि काही तासांतच कोडे सुटले. ड्युपेडाल हे आडनाव रोमन लिपीत आठ अक्षरांनी लिहितात : डी, जे, यू, पी, ई, डी, ए, एल. हीच अक्षरे शेवटाकडून आरंभाकडे लिहिली, की कुलूप उघडत होते! वर्षानुवर्षांच्या श्रमांचे फळ पुन्हा अभ्यासकांच्या हाती आले.

या घटनेतून दोन गोष्टी ध्यानात येतात. स्वतःचे नाव उलटे लिहून केलेला शब्द परक्यालाही उकलता येतो. म्हणून तो पुरेसा बळकट नव्हे. आणि शब्द कितीही बळकट असला, तरी तो एकाच मनात कोंडून ठेवला, तर त्या मनाबरोबर लोपतो. पूर्वीच्या घरांत तिजोरीची दुसरी किल्ली घरातील विश्वासू वडीलधाऱ्यांपाशी असे. संगणकाच्या किल्लीचीही तशीच व्यवस्था हवी. मौल्यवान लेखनाची एक प्रत निराळ्या जागी आणि परवलीच्या शब्दाची नोंद विश्वासाच्या हाती असली, म्हणजे विस्मरणाचे भय उरत नाही. कुलूप लावणे सोपे असते. खरे शहाणपण किल्ली जपण्यात असते.

स्वाध्याय

१. जुन्या संगणकाची बॅटरी काढल्यावर परवलीचा शब्द का नाहीसा होई?
२. ‘सूची मुकी झाली होती’ असे का म्हटले आहे?
३. ‘जो उपाय मालकाला सोपा, तो चोरालाही सोपाच’ हे वाक्य स्पष्ट करा.