ओवीचा संदर्भ : अध्याय, क्रमांक आणि आवृत्ती

प्रश्न : ज्ञानेश्वरीतील ओवी एखाद्या समीक्षाग्रंथातून घेतली असता प्रबंधात संदर्भ मूळ ग्रंथाचा द्यावा की समीक्षाग्रंथाचा?

उत्तर : जे प्रत्यक्ष वाचले त्याचाच संदर्भ द्यावयाचा, हा संशोधनलेखनातील मूलभूत नियम आहे, म्हणून ओवी समीक्षाग्रंथातूनच घेतली असेल, तर मूळ ग्रंथाचे नाव देऊन पुढे ‘उद्धृत’ असे लिहावे आणि त्या समीक्षाग्रंथाचा लेखक, प्रकाशनवर्ष व पृष्ठांक नोंदवावा. याला दुय्यम संदर्भ म्हणतात, आणि मूळ ग्रंथ सहज मिळत असताना त्यावर विसंबणे हा खरे तर आळसच होय. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत तो धोक्याचाही आहे, कारण एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४च्या सुमारास, शुद्ध केलेल्या पाठावर आधारलेल्या आवृत्त्या आणि वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये छापलेली प्रत यांत पाठभेद, म्हणजे शब्दयोजनेतील फरक, आढळतात. शिवाय ओव्यांची संख्या सर्व आवृत्त्यांत सारखी नसल्यामुळे तोच क्रमांक दुसऱ्या आवृत्तीत वेगळ्याच ओवीवर पडू शकतो. तेव्हा अध्याय व ओवी यांचे क्रमांक कंसात देऊन, आधाराला घेतलेली आवृत्ती कोणती हे पहिल्याच उल्लेखाच्या तळटिपेत संपादकाच्या नावासह सांगावे आणि प्रबंधभर तीच आवृत्ती कायम ठेवावी. ओवीसाठी पृष्ठांक फारसा उपयोगी नाही. संपादकाच्या प्रस्तावनेतील वा टिपांतील मजकूर उद्धृत करताना मात्र तो अनिवार्य ठरतो.