मुठीचे दान

जिंतूरकडच्या दिंडीकरी मंडळींनी एक हिशोब मांडून पाहावा. ज्वारीची मूठ सुमारे ५० ग्रॅम धरू. शंभर घरांनी रोज दळणाआधी ती बाजूला काढली, तर महिन्याला १५० किलो होते! (म्हातारीची मूठ लहान, तीही चालेल.) गावच्या निराधारांच्या चुली पेटतात आणि भार कोणा एकावर नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना असाच मुष्टिफंडाचा आधार होता.

पण जमवणे सोपे, राखणे अवघड. गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या संस्थेस देऊन टाकली. स्वतः मालक झाले नाहीत. आम्ही म्हणतो, धान्याचा जमाखर्च दर एकादशीला देवळात मोठ्याने वाचावा. कोणी किती घातले, ते मात्र वाचू नये.