दुःखाचा हिशेब



भिवंडीत एकदा कीर्तन आटोपल्यावर एक माग कामगार पाया पडून म्हणाला, “महाराज, संतसुद्धा सांगतात, सुख थोडं, दुःख फार. मग जगायचं कशाला?” मी घाईत काहीतरी बोलून सुटलो. ती चूक मनाला लागून राहिली. आज उत्तर लिहितो.

हाच पूर्वपक्ष आर्थर शोपेनहौअर (१७८८–१८६०) या जर्मन तत्त्ववेत्त्याने मांडला. इच्छा हेच जगाचे मूळ. ती पुरी न झाली तर दुःख, पुरी झाली तर कंटाळा. मागाच्या धोट्यासारखा जीव दोहोंत येरझारा घालतो. लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) त्याचा अपूर्णांक घेतला आहे : वर सुखोपभोग, खाली सुखेच्छा. वरचा आकडा वाढतो, पण खालचा त्याहून झपाट्याने!

मग मरावे काय? तो स्पष्ट ‘नाही’ म्हणतो. आत्महत्येने देह जातो, इच्छेचा क्षय होत नाही. दाराशुकोहने १६५७ साली फारसीत आणलेली ५० उपनिषदे पुढे १८०१–०२ मध्ये लॅटिनमध्ये छापली गेली. ती त्याचा आयुष्यभराचा विसावा झाली. कुत्र्यालाही तो ‘आत्मा’ म्हणे! छांदोग्यातील महावाक्याच्या आधारे त्याने सांगितले की, दुसऱ्याचे दुःख आपले वाटणे, ही करुणाच नीतीचे मूळ.

पण आचरण? १८२१ साली दाराशी बोलत बसलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईला त्याने ढकलले. तिला इजा झाली. कोर्टाच्या हुकुमाने तिला मरेपर्यंत पैसे द्यावे लागले. करुणा पोथीत राहिली, हातात उतरली नाही.

आता सिद्धांत पाहा. दुष्काळात तुकोबांची पत्नी गेली, मूल गेले, दिवाळे निघाले. दुःखाचा हिशेब त्यांना कोणी शिकवायला नको होता. तरी त्यांनी काय केले? आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली! स्वतःचे दुःख पाहून दुसऱ्याचे ओझे उतरवले.

बाबा रे, तुझा प्रश्न खोटा नव्हता. दुःख आहेच, फार आहे. पण तेवढेच दुःख शेजारच्या मागावरही उभे आहे. त्याच्या खांद्यावर हात ठेव, मुखी नाम असू दे. जगायचे ते त्यासाठी. आणि मन फारच खचले तर रात्री-अपरात्री माझे दार वाजव. या वेळी घाई करणार नाही.