घरच्या टीव्हीवर पार्लरचे गेम : इन्सुलीत बसून किती खर्च येतो?

व्हिडिओ गेम पार्लरमधले जुने गेम घरी खेळायला नवं यंत्र लागत नाही. चालू लॅपटॉप आणि एचडीएमआय पोर्ट असलेला टीव्ही घरात असेल, तर साधारण तीन ते पाच हजारांत काम होतं. वायरवाले दोन यूएसबी कंट्रोलर, बऱ्यापैकी घेतले तर प्रत्येकी हजार-दीड हजार. एचडीएमआय केबल दोन-तीनशे. उरलेले पैसे गेमच्या संचासाठी. टीव्ही जुना डब्याचा असेल तर एचडीएमआयवरून एव्हीवर नेणारा कन्व्हर्टर लागेल, तो काही शेकड्यांत मिळतो.

पैसे टाकण्याआधी लॅपटॉपमधली विंडोज कोणती ते बघा. संगणकावरचे गेम विकणारं स्टीम हे दुकान १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ वर चालत नाही. मग फुकटात चाचणी घ्या. स्टीमवर खातं उघडा आणि कॅपकॉम आर्केड स्टेडियम उतरवा. त्यात १९४३ हा विमानांचा गेम मोफत आहे. तो नीट चालला तर बाकीचेही बहुधा चालतील. यातले इतर गेम सुटे किंवा गठ्ठ्याने विकत घ्यावे लागतात, तेव्हा मुलांच्या हाती देताना यूपीआयचा पिन आपल्याकडेच ठेवा. खात्याला ईमेल आणि फोन पुरतो, आधार-पॅन कोणी मागत नाही. मागितलं तर तिथून बाहेर पडा.

कोणता संच घ्यायचा? मारामारी आवडत असेल तर स्ट्रीट फायटर थर्टिएथ अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन, म्हणजे १९८७ च्या पहिल्या भागापासून बारा गेम. दोघांनी मिळून पुढे सरकत खेळायचं असेल तर कॅपकॉम बीट एम अप बंडल. त्यात कॅप्टन कमांडो आणि फायनल फाइटसह सात गेम आहेत. पॅकमॅनवाल्यांसाठी पॅकमॅन म्युझियम प्लस आहे, पण आधी गूगलवर पॅकमॅन शोधून २०१० चं डूडल फुकट खेळून बघा. घरच्यांची हौस तेवढ्यावर भागली तर पैसे वाचले.

खरेदीची घाई करू नका. स्टीमचा मोठा सेल जूनच्या शेवटी लागतो, दुसरा डिसेंबरच्या उत्तरार्धात. जुन्या संचांची किंमत तेव्हा बरीच उतरते. गेम पसंत नाही पडला तर खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. गेम काही जीबींचा असू शकतो. मोबाइलच्या रोजच्या डेटावर एका दिवसात उतरला नाही तरी अडचण नाही, अर्धवट राहिलेलं डाउनलोड दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू होतं. पण हवा असलेला संच घेणं फार लांबणीवरही टाकू नका. सेगा या गेम कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये आपले साठहून अधिक जुने गेम विक्रीतून काढून घेतले. ज्यांनी आधी घेतले होते त्यांना ते मिळतात, नव्याने कोणाला घेता येत नाहीत.

आता मुस्तफा. बहुतेकांना हवा असतो तोच. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा १९९३ चा गेम, झेनोझोइक टेल्स या अमेरिकी कॉमिक्सवर बेतलेला. वर सांगितलेल्या कुठल्याही संचात तो नाही. ‘मुस्तफा फ्री डाउनलोड’ म्हणून जे सापडतं ते चोरीचं असतं, आणि त्यासोबत व्हायरस येण्याचा धोका मोठा. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करता, त्यावर ते मुळीच टाकू नका.

दुसरा फसवा आडमार्ग म्हणजे ‘दहा हजार गेम’ लिहिलेली स्वस्त एचडीएमआय स्टिक. एकच गेम वेगवेगळ्या नावांनी भरलेला, कंट्रोलर हलके, मेमरी कार्ड बिघडलं की सगळं गेलं. परवाना नाही, बिल नाही, दुरुस्ती नाही. व्हिडिओ गेमच्या यंत्राला भारतात बीआयएस नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर तो शिक्का आणि आर-ने सुरू होणारा क्रमांक नसेल तर घेऊ नका. इतक्या पैशांत सेलमधला एखादा खरा संच येतो.

‘गोव्यात स्वस्त मिळतं’ म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बिनबिलाचा माल घेऊ नका. १ जुलै २०१७ पासून जीएसटीचे दर महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांत सारखेच आहेत. स्वस्त दिसतं ते बिल नसल्यामुळे, आणि त्याबरोबर वॉरंटीही जाते. केबल-कंट्रोलर इन्सुलीजवळच्या बांद्यात किंवा सावंतवाडीत बघा. थोडे जास्त गेले तरी बिघडलेला कंट्रोलर घेऊन जायला दुकान जवळ राहतं. निन्टेंडोचं यंत्र कोणी दिलं तर हे लक्षात ठेवा : त्याची भारतात अधिकृत विक्री नाही, म्हणून कंपनीची इथली वॉरंटीही नाही.

जोडणी झाली की टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड सुरू करा. बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते, तो उशीर याने बराच कमी होतो, आणि खर्च शून्य. पावसाळ्यात मात्र सर्ज प्रोटेक्टर लावा. वीज कडाडू लागली की त्यावरही विसंबू नका, प्लग काढून ठेवा.

ऑनलाइन घेतलेल्या मालाची तक्रार विक्री-संकेतस्थळाने ४८ तासांत नोंदवून महिन्याभरात निकाली काढायची असते. तसं झालं नाही तर १९१५ वर फोन करा. तिथेही दाद मिळाली नाही तर सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा सोबत ठेवा. विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार तुमच्याच जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिचं शुल्क नाही.