दूध पुरतंय का, हे ओले लंगोट सांगतात

सासूचा जाच हा विषय निघाला की मैत्रिणी पटकन सांगतात, "वेगळी राहा गं." पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात हा सल्ला कुचकामी आहे. इथली सून आधीच वेगळी राहत असते. सासू गावाहून येते, आणि तिला बोलावणारे आपणच असतो. ५० किंवा जास्त कामगार असतील तर कंपनीने पाळणाघराची सोय करावी, असं प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने ठरलं. पण भोसरीतल्या कितीतरी शेडमध्ये माणसंच वीस-पंचवीस. २६ आठवड्यांची पगारी रजा संपली की बाळ कोणापाशी ठेवायचं? बहुतेक घरांत उत्तर एकच.

आमच्याकडेही तेच झालं. मोशीत वन बीएचके, नवरा चाकणला शिफ्टमध्ये, आणि बाळंतपणासाठीच जुन्नरकडून आलेल्या सासूबाई. "तुझं दूध पुरत नाही, पोर उपाशी रडतंय," हे पहिल्या आठवड्यातच सुरू झालं, तेही बघायला आलेल्या बायकांसमोर. मग मध चाटवणं, सहाणेवर उगाळलेली गुटी, काजळ, नाकात तेल. मी काही बोलले की, "आम्ही नाही का वाढवली चार पोरं?" नवरा सेकंड शिफ्ट संपवून मध्यरात्री घरी यायचा, दोघींचं ऐकायचा आणि म्हणायचा, "तुमचं तुम्ही बघा." सासूबाईंच्या टोमण्यांपेक्षा मला हे जास्त लागायचं. पुढे बाळाला जुलाब झाले, रात्री दवाखाना गाठावा लागला, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं. तुमच्या घरात एवढी वेळ येऊ देऊ नका.

पहिली गोष्ट, सगळ्याच बाबतीत भांडू नका. डिंकाचे लाडू, अळीव, डोक्याला रुमाल, बारशाला कोणाला बोलवायचं, हे सगळं सोडून द्या. बाळाच्या तोंडात काय जातं, यावर मात्र हटायचं नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. मध वर्षाच्या आत नाहीच. त्यातल्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला क्वचित, पण जिवावर बेतणारा आजार होतो. काजळात शिसं असू शकतं, नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. बंद खोलीत शेगडीची धुरीही नको.

पण हे आपण सांगायचं नाही. सुनेने सांगितलं की उद्धटपणा, डॉक्टरांनी सांगितलं की सल्ला! दीड महिन्याच्या लसीला सासूबाईंना सोबत न्या, बाहेरच्या बाकावर बसवू नका, आत न्या आणि त्यांच्यासमोरच गुटीचं विचारा. आशाताई बाळाला बघायला ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, त्या वेळी सासूबाई घरात असतील असं बघा. दुधाचा वाद तर मोजून मिटतो. पहिला आठवडा उलटल्यावर दिवसरात्रीत सहा तरी लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. मी लंगोट मोजायचं काम सासूबाईंकडेच दिलं. त्यांनी ते चोख केलं आणि 'उपाशी' हा शब्द हळूहळू बंद झाला. टोमणे बंद झाले नाहीत, तो भाग वेगळा.

नवऱ्याच्या आईशी नवऱ्यानेच बोलायचं. शिफ्टवरून थकून आल्यावर नाही. आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशी सकाळी, बायको समोर नसताना. "तिने सांगितलं म्हणून" हे शब्द त्याच्या तोंडी येता कामा नयेत.

आणखी एक. अंगण, शेत, शेजार सोडून आलेली बाई तिसऱ्या मजल्यावर दार लावून दिवसभर काय करणार? संध्याकाळी तासभर तिला खाली जाऊ द्या, देवळात जाऊ द्या. मी सासूबाईंना रोज पाठवायचे, यात माझा मोठेपणा काही नव्हता. तेवढा वेळ घर शांत राहायचं.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येतंच. दोन आठवडे उलटूनही उदास वाटत असेल, झोप-भूक उडाली असेल, तर सासूला दोष देत बसू नका. डॉक्टरांना सांगा किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करा. आणि मुलगी झाली म्हणून उपाशी ठेवणं, हात उगारणं, माहेरहून पैसे आणायला लावणं, हे 'सासूचा स्वभाव' म्हणून सोसायचं नसतं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली सासूविरुद्धही तक्रार करता येते. महिला हेल्पलाइन १८१ आहे. हा नंबर आजच मोबाइलमध्ये ठेवा.