इलेक्ट्रॉनांचा नावाडी

मधुमेही व्यक्तीच्या घरी एक लहानसे यंत्र तुम्ही पाहिले असेल. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीला लावला, की काही सेकंदांत आकडा उमटतो. त्या आकड्यावरून कित्येक रुग्ण इन्सुलिनची मात्रा ठरवतात. आकडा चुकला तर मात्रा चुकेल आणि प्रसंगी जिवावर बेतेल. मग हे यंत्र साखर मोजते तरी कसे?

ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, उदाहरण घेऊ. रक्तातील असंख्य पदार्थांतून ते ग्लुकोज निवडते व त्याच्या प्रत्येक रेणूकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेते. हे इलेक्ट्रॉन मोजता आले, की ग्लुकोज मोजलेच म्हणायचे! पण विकराचा रेणू अवाढव्य. इलेक्ट्रॉन स्वीकारणारी जागा त्याच्या पोटात खोल दडलेली. तेथून विद्युत्अग्रापर्यंत ते थेट पोचत नाहीत.

निसर्गात हे इलेक्ट्रॉन ऑक्सिजन नेतो व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. १९६२ साली क्लार्क व लायन्स यांनी विकर आणि विद्युत्अग्र यांची जोडी जमवून ग्लुकोज मोजण्याची कल्पना मांडली. पुढे पेरॉक्साइड मोजणारी उपकरणे आली. मात्र त्यासाठी सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट दाब लागे. एवढ्या दाबाला क जीवनसत्त्व आणि पॅरासिटामॉलही इलेक्ट्रॉन देतात, आणि आकडा उगाच फुगतो. शिवाय रक्तातला ऑक्सिजन मर्यादित.

१९८४ साली ब्रिटनमधील संशोधकांनी ऑक्सिजनऐवजी फेरोसीनच्या एका संयुगाला नावाडी नेमले. फेरोसीनमध्ये कार्बनच्या दोन पंचकोनी कड्यांमध्ये लोहाचा एक अणू असतो. विद्युत्अग्रापाशी हा रेणू एक इलेक्ट्रॉन उतरवतो, रिकाम्या होडीने विकराकडे जातो आणि दुसरा घेऊन परततो. ग्लुकोजच्या एका रेणूमागे अशा दोन खेपा! हे काम कमी दाबावर होत असल्याने इतर पदार्थांची लुडबूड घटली. १९८७ मध्ये याच तत्त्वावरचे पेनाएवढे यंत्र बाजारात आले. आज फेरिसायनाइडसारखे अन्य नावाडीही वापरतात.

आता थोडे गणित. विद्युतधारा १ मायक्रोअँपिअर असेल, तर सेकंदाला सुमारे सव्वासहा लाख कोटी इलेक्ट्रॉन पैलतीरी उतरतात. म्हणजे ग्लुकोजचे किती रेणू? सुमारे तीन लाख कोटी!

जाता जाता एक प्रश्न. आंबा खाल्लेल्या हाताने तपासणी केली तर काय होईल? विकराला रक्तातले ग्लुकोज आणि बोटावरचे ग्लुकोज यांतला फरक कळेल का? विचार करा, आणि तपासणीपूर्वी हात धुऊन कोरडे करण्यास घरच्यांना जरूर सांगा.